घरोघरच्या सेवा आणि जुन्या वस्तूंचा व्यवहार : नोंदीविना राहिलेले श्रम

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून सकाळच्या वेळी हिंडणाऱ्यास आजही अनेक प्रकारच्या आरोळ्या ऐकू येतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, भंगार व रद्दी घेणारा हातगाडीवाला, चाकू-कात्रीला धार लावणारा, छत्री व कुलूप दुरुस्त करणारा अशी माणसे गल्लीबोळांतून फिरत असतात. कल्हईवाल्याची हाक पूर्वीइतकी वारंवार कानी पडत नाही. परंतु यात्रेचा किंवा लग्नसराईचा हंगाम जवळ आला म्हणजे त्याची चौकशी हमखास होते. याच वेळी शहराच्या कडेच्या वस्त्यांतून निघालेल्या शेकडो स्त्रिया धुणीभांडी व स्वयंपाकाच्या कामासाठी घरोघरी पोचलेल्या असतात.

ही सर्व माणसे मिळून जी सेवा करतात तिच्यावाचून शहरातील वा खेड्यातील कोणतेही कुटुंब चालू शकत नाही. तरीही ग्रामपंचायतीच्या दप्तरात किंवा नगरपालिकेच्या नोंदवहीत या व्यवसायांचा उल्लेख क्वचितच सापडतो. ज्याची नोंद नाही त्याला ओळखपत्र नाही, ज्याला ओळखपत्र नाही त्याच्यापर्यंत योजना पोचत नाही, अशी ही साखळी आहे. ती कोठे व कशी तोडता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बलुत्यापासून मजुरीपर्यंत

ग्रामीण महाराष्ट्रात घरगुती व शेतीविषयक सेवांची एक बांधीव व्यवस्था शतकानुशतके अस्तित्वात होती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार आदी बलुतेदार वर्षभर गावाची कामे करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आढळते. या व्यवस्थेत कारागिराला पोटापुरती शाश्वती होती; पण व्यवसाय जन्माने ठरत असे, मोबदला दात्याच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि काही जातींच्या वाट्याला तर केवळ वेठ व अवहेलनाच येत असे.

या जोखडावर आघात करण्यात कोल्हापूर संस्थान अग्रेसर होते, ही अभिमानाची बाब होय. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. राजवाड्याच्या पागेत चाकरी करणारे गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतंत्र व्यवसाय करण्यास प्रोत्साहन दिले. कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले आणि स्वतः महाराज तेथील चहा घेऊ लागले. सेवा करणाऱ्याचा मान हा सेवेच्या मोबदल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हा धडा त्या घटनेने घालून दिला. पुढे मुंबई राज्यात १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियमाने उरलेल्या वतनांचाही शेवट केला.

वतने गेली व कारागीर मोकळा झाला. मात्र बलुत्याबरोबर असलेली शाश्वतीही गेली आणि तिच्या जागी रोख मजुरीची अनिश्चितता आली. आज घरकाम करणारी स्त्री अथवा फेरीवर निघणारा कारागीर कोणाचाही बांधील नाही. परंतु आजारपण, अपघात किंवा पूर ओढवला असता त्याची जबाबदारी घेणाराही कोणी नाही. घरगुती सेवांच्या आजच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

एका लुगड्याचा प्रवास

जुन्या वस्तूंचा व्यवहार किती हातांना काम देतो, हे एका लुगड्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. नेसून विटलेले लुगडे घरातील गृहिणी बोहारणीपुढे टाकते. बोहारीण ते उलगडून, उजेडात धरून पाहते. कोठे विरले आहे, काठ कसे आहेत, याचा अंदाज घेते आणि घासाघीस होऊन एखादे पातेले किंवा डबा देते. या व्यवहारात रोख पैसा नसतो. एका बाजूला अडगळ कमी होते व दुसऱ्या बाजूला घरात भांडे येते.

बोहारणीच्या गाठोड्यातील कपड्यांची पुढे वर्गवारी होते. बऱ्या स्थितीतील कपडे धुऊन, उसवलेली शिवण घालून, बटणे लावून व इस्त्री करून आठवडी बाजारात विकले जातात. शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार व ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे हे त्यांचे ग्राहक. खऱ्या जरीच्या जुन्या शालू-पैठण्यांतील जर वेगळी काढून तिच्यातील चांदी मिळविली जाते. अगदी फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या यंत्रशाळांत तेल पुसण्यासाठी जातात.

जे लुगडे बोहारणीकडे जात नाही त्याची वाकळ होते. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून, त्यांवर ओळीने टाके घालून शिवलेली वाकळ कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत घरोघरी असते. वाकळ शिवून देणाऱ्या स्त्रिया मापानुसार मजुरी घेतात. पाठीचे व डोळ्यांचे कष्ट असलेले हे काम कौशल्याचे असूनही त्याची गणना सहसा उद्योगात होत नाही.

दुरुस्तीच्या कामातून मोठे उद्योग उभे राहू शकतात, याचेही उदाहरण याच शहरात आहे. विहिरींवरील तेलावर चालणारी इंजिने आणि गुऱ्हाळांतील उसाचे चरक दुरुस्त करता करता येथील मेस्त्रींनी सुटे भाग घडविण्यास प्रारंभ केला, त्यातून संपूर्ण इंजिने तयार होऊ लागली, आणि शिवाजी उद्यमनगरासारखी औद्योगिक वसाहत व ओतकामाचा मोठा व्यवसाय आकारास आला. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या हाताकडे दुय्यम दृष्टीने पाहण्याचे कारण नाही.

कल्हई : लहान सेवा, मोठे आरोग्य

तांब्यापितळेच्या भांड्यात चिंच, ताक, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ ठेवले असता धातूचा अंश अन्नात उतरतो आणि अन्न कळकते. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, वांती व पोटदुखी होते. हे टाळण्यासाठी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. यालाच कल्हई म्हणतात.

कल्हईची कृती वरवर सोपी दिसते. भात्याने फुलविलेल्या कोळशाच्या भट्टीवर स्वच्छ घासलेले भांडे तापवितात, त्यात कथील टेकवितात आणि नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर उसळतो व त्याबरोबर धातूवरील मळ निघून जातो. लगेच कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील सर्वत्र पसरवून भांडे थंड पाण्यात बुडविले जाते. भांडे कमी तापले तर कथील पसरत नाही आणि अधिक तापले तर जळते. तो नेमका क्षण ओळखण्यातच कारागिराचे कौशल्य असते.

ग्राहकाने येथे एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. शुद्ध कथील महाग असते. कथलात शिसे मिसळले तर मिश्रण स्वस्त पडते व कमी उष्णतेवर वितळते. परंतु शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विपरीत परिणाम होतो. म्हणून शाळा, मंगल कार्यालये व देवस्थानांची अन्नछत्रे यांनी मोठ्या भांड्यांना कल्हई लावून घेताना शुद्ध कथलाचाच आग्रह धरावा व त्याप्रमाणे योग्य मजुरी द्यावी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे कल्हईचे रिकामे भांडे चुलीवर तापत ठेवू नये, हेही गृहिणींना सांगितले पाहिजे. नवसागराचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांना अपायकारक असल्याने हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून व्हावे. त्यासाठी गावात एखादी ठरलेली जागा असणे कारागीर व ग्रामस्थ या दोघांच्याही हिताचे ठरेल.

महापुराने दिलेला धडा

या सेवांचे खरे मोल संकटकाळी कळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत तेथील पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. करवीर तालुक्यातील आंबेवाडी व प्रयाग चिखली, तसेच शिरोळ तालुक्यातील अनेक गावांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर कपाटे, गाद्या, शिलाई यंत्रे, शीतकपाटे, पंखे असा सारा संसार चिखलाने माखून दारात येऊन पडला.

अशा वेळी नवी वस्तू विकत घेणे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. संसार पुन्हा उभा राहतो तो वीजतंत्री, सुतार, गवंडी, पिंजारी व यंत्र दुरुस्त करणारे मेस्त्री यांच्या बळावर. जी वस्तू दुरुस्त होण्यासारखी नसते तिच्या जागी प्रथम येते ती दुसऱ्याच्या घरातील वापरलेली वस्तूच. शिलाई यंत्र बंद पडलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ते यंत्र आठवडाभर आधी सुरू होणे म्हणजे आठवडाभराची चूल पेटणे होय.

परंतु याच काळात धोकाही मोठा असतो. पाण्यात बुडालेले विजेचे उपकरण बाहेरून कोरडे दिसले तरी त्याच्या आतील गुंडाळ्यांत ओल राहते. असे उपकरण लगेच सुरू केल्यास विजेचा धक्का बसून प्राणहानी होऊ शकते. म्हणून घराचा मुख्य खटका बंद ठेवावा, उपकरण स्वच्छ पाण्याने धुऊन काही दिवस पूर्ण वाळवावे, जाणत्या वीजतंत्र्याकडून आतील तारांच्या आवरणाची व भूसंपर्काची तपासणी करून घ्यावी आणि मगच ते वापरात आणावे. पुरात बुडालेली जुनी उपकरणे पुढे स्वस्तात बाजारात येतात. ती घेणाऱ्यानेही हीच तपासणी आवर्जून करून घ्यावी.

ज्या गावात अशा कारागिरांची यादी पावसाळ्यापूर्वी तयार असेल, त्या गावात पाणी ओसरताच कामाला सुरुवात होऊ शकेल. यादीचा दुसराही उपयोग आहे. महापुरात कारागिराची स्वतःची हत्यारे व हातगाडीही वाहून जाते. आपण हा व्यवसाय करीत होतो, हे दाखविणारा कागद त्याच्यापाशी नसेल तर मदत मागताना त्याची अवस्था बिकट होते.

कायद्याने दिलेले अधिकार

या घटकांसाठी कायदे व योजना नाहीत असे नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अन्वये १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांना नोंदणी करता येते. अपघात झाल्यास तातडीचे साहाय्य, मुलांच्या शिक्षणासाठी अर्थसाहाय्य, वैद्यकीय खर्च, प्रसूतीसाठी मदत आणि मृत्यूनंतर वारसास अंत्यविधीचा खर्च, अशा लाभांची तरतूद या अधिनियमात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याचे अनुसमर्थन केलेले नसले तरी त्याच्या तीन वर्षे आधी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता, हे उल्लेखनीय आहे. नोंदणीसाठी घरमालकाचे प्रमाणपत्र ही अनेकदा अडचणीची पायरी ठरते. सुशिक्षित कुटुंबांनी हे प्रमाणपत्र देण्यास का कू करू नये.

फिरत्या व्यावसायिकांसाठी २०१४ चा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्रय विनियमन) अधिनियम आहे. पथविक्रेता म्हणजे केवळ माल विकणारा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः रस्त्यावर जनतेला सेवा देणाऱ्या व्यक्तीचाही या व्याख्येत समावेश आहे. त्यामुळे बोहारीण, धार लावणारा व कल्हईवाला हेही या कायद्याच्या कक्षेत येतात. शहरांत दर पाच वर्षांनी एकदा तरी पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही उठवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशा तरतुदी त्यात आहेत. सर्वेक्षणाच्या दिवशी एका जागी बसलेला विक्रेता सापडतो. गल्ल्यांतून फिरणारी बोहारीण सापडत नाही. सर्वेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही उणीव मुद्दाम लक्षात घेतली पाहिजे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुलूप कारागीर, कुंभार, चर्मकार, गवंडी, बुरूड, न्हावी, परीट, शिंपी आदी १८ व्यवसायांचा समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. अर्जदाराची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. कल्हईकाम, पिंजारकाम व वाकळ शिवणे ही कामे या १८ व्यवसायांत स्वतंत्रपणे नमूद केलेली नाहीत. अशा कारागिरांची निदान ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नोंद व्हावी, यासाठी प्रयत्न झाले पाहिजेत.

नोंदीमुळे काय साध्य होते, याचा दाखला पुणे शहरात पाहावयास मिळतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्यांना संघटित केले. त्याच दशकात त्यांना महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली. ज्यांच्याकडे पूर्वी संशयाने पाहिले जाई त्यांना नागरी सेवेतील कामगार म्हणून स्थान मिळाले. पुढे त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले.

जुन्या वस्तू घेताना व देताना

जुन्या वस्तूंच्या व्यवहारात चोरीचा माल मिसळण्याचा संभव असतो. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली अपराध आहे. म्हणून मौल्यवान जुनी वस्तू घेताना विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्यावी. जुना मोबाईल घेण्यापूर्वी त्याचा पंधरा अंकी ओळख क्रमांक शासनाच्या संचार साथी या संकेतस्थळावर तपासून पाहावा. जुने वाहन विकल्यावर ते घेणाऱ्याच्या नावावर झाले आहे, याची खात्री विकणाऱ्यानेही करून घ्यावी.

निकामी झालेली विद्युत उपकरणे हा अलीकडच्या काळात वाढलेला प्रश्न आहे. तांबे काढण्यासाठी तारांची आवरणे उघड्यावर जाळल्यास विषारी धूर निघतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेला पाहिजे. भंगार व्यावसायिकांना शत्रू न मानता, त्यांच्याकडे जमा होणारा असा माल योग्य ठिकाणी पोचविण्याची सोय करून देणे हा स्थानिक संस्थांपुढील व्यवहार्य मार्ग होय.

गावाने व शाळेने करावयाचे कार्य

या विषयात फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने प्रतिवर्षी मे महिन्यात गावातील व गावात नियमित येणाऱ्या सेवा-कारागिरांची एक वही तयार करावी. तीत नाव, काम, येण्याचा वार, संपर्काचे साधन आणि शासकीय नोंदणी झाली आहे किंवा नाही, एवढ्याच बाबी असाव्यात. ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी व ज्यांची नोंदणी झालेली नाही त्यांना साहाय्य करण्याचे काम एका सदस्याकडे सोपवावे. आठवडी बाजारात कल्हई, धार लावणे व दुरुस्तीच्या कामांसाठी पाण्याची सोय असलेली जागा राखून ठेवावी. पूरप्रवण गावांनी याच वहीतून वीजतंत्री व मेस्त्री यांची वेगळी यादी काढून ती आपत्ती व्यवस्थापन आराखड्यास जोडावी.

शिक्षकांनाही येथे मोठा वाव आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एखादी वस्तू निवडून ती कोणी घडविली, किती वेळा दुरुस्त झाली व शेवटी कोठे गेली, याची टिपणे करावीत. एखाद्या कल्हईवाल्यास शाळेच्या पटांगणात बोलावून त्याचे काम दाखविल्यास कथलाचा वितळणबिंदू मुलांना पाठ करावा लागणार नाही. आणि त्या कारागिराच्या मुलाला आपल्या वडिलांच्या कामाचा अभिमान वाटेल, हा लाभ त्याहून मोठा आहे.

बोहारणीच्या डोक्यावरील पाटी व वाकळ शिवणारीचा टाका यांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नसतो. तथापि प्रत्येक संसाराच्या काटकसरीत त्यांचा वाटा आहे आणि महापुरानंतर उभ्या राहिलेल्या प्रत्येक घरात कारागिराचे श्रम आहेत. या श्रमांना नाव व क्रमांक मिळवून देण्याचे पहिले काम गावच्या चावडीत व नगरपालिकेच्या कचेरीतच होऊ शकते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यास कोणतीही अडचण नाही.